आधी नाव, मग काम, मग हात

मिस्त्रीच्या अंगावर सत्तावीस नावं होती. यंत्राच्या भागांची, आणि कुणी गोंदलेली नव्हेत. उजव्या भुवईतून जी बिनकेसांची तिरकी रेघ जाते, ती टॅपेट. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाकडं आहे, तो सर्क्लिप. खालच्या ओठाच्या आत जिभेला लागते ती गाठ म्हणजे गव्हर्नर. पाठीवरची नावं मोजायला दुसरं माणूस लागायचं. लग्न झाल्यावर बायकोनं ती बोट ठेवून ठेवून मोजली, तेव्हा कुठे सत्तावीस हा आकडा पक्का झाला.

"शाळेत गेला असतात तर छडीवर भागलं असतं," ती म्हणाली होती.

ही सगळी उस्तादांची देणगी. उस्तादांचं वर्कशॉप नदीच्या उतारावर, चार खांब आणि वर पत्रा. तिथे गावोगावची इंजिनं, पंप, जनरेटर दुरुस्तीला यायचे. उस्तादांचा कायदा एका ओळीचा: आधी नाव, मग काम, मग हात. यंत्राच्या कुठल्याही भागाला हात लावायच्या आधी त्याचं खरं नाव सांगायचं. मग तो भाग करतो काय, ते सांगायचं. मगच पाना लावायचा. जो कुणी 'ते हे' म्हणेल, त्याला उस्तादांच्या हातात त्या घडीला जे असेल ते बसायचं. पाना असला तर पाना, साखळी असली तर साखळी. एकदा तर पिस्टनच बसला होता, म्हणून मिस्त्रीची डावी बरगडी श्वास घेताना अजून कुरकुरते.

"ते हे म्हणणाऱ्याच्या हातून ते हेच होतं," उस्ताद म्हणायचे, आणि रक्त पुसायला स्वतःच चिंधी द्यायचे.

मिस्त्रीला त्याचा राग नव्हता. उलट अभिमान होता. आजूबाजूच्या पन्नास मैलांत त्याच्याएवढी नावं कुणाला येत नव्हती, आणि ज्याला नाव येत नाही तो माणूस त्याला आंधळ्यासारखा वाटायचा. त्याची आई गेली तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "हृदयाचं काहीतरी होतं हो." मिस्त्रीनं त्यांची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीला असं चिकटवलं की चष्मा खाली पडून फुटला.

"काहीतरी? माझी आई मेलीय आणि काहीतरी? भाग कोणता ते बोला!"

"मिट्रल झडप," डॉक्टर चाचरत म्हणाले. "डावीकडची. नीट मिटत नव्हती. रक्त उलटं मागे जात होतं."

मिस्त्रीची मूठ सुटली. "म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह," तो म्हणाला, आणि मग त्याच भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. पुढच्याच आठवड्यात त्यानं शरीराचा मोठा तक्ता आणून घरात लावला, इंजिनाच्या तक्त्याशेजारी. पाहुण्यांना वाटायचं, इथे कुणी वैद्य राहतो का कसाई.

आई गेली आणि धाकटा भाऊ त्याच्या पदरात आला. धाकटा बारा वर्षांनी लहान, अंगानं दांडगा, स्वभावानं पाण्यासारखा. गाणं म्हणायचा, शिट्टी वाजवायचा, आणि जगातल्या निम्म्या वस्तूंना 'ते हे' म्हणायचा. जेवताना म्हणायचा, "वहिनी, ते हे द्या जरा."

"मिठाची बरणी!" मिस्त्री ताटावरून गरजायचा.

"भावोजी, नाव घेऊन मागा," वहिनी म्हणायची, "नाहीतर तुमचे दादा बरणीचं झाकण कुठल्या धातूचं तेही विचारतील."

धाकटा सव्वीस वर्षांचा झाला तेव्हा दोघे भाऊ एकाच खाणीवर होते. अर्धा डोंगर खाल्लेला, अर्धा उरलेला. मिस्त्रीला त्या डोंगराचेही भाग ठाऊक होते. वर मुरूम, खाली काळा बेसॉल्ट, आणि त्यातून पळणाऱ्या पांढऱ्या शिरा गारेच्या. "डोंगर म्हणजे बंद पडलेलं यंत्रच," तो म्हणायचा. त्या डोंगराला दळून खडी करणारं यंत्र पायथ्याशी उभं होतं, क्रशर. वरून हॉपरमध्ये धोंडे पडायचे. खाली दोन जबडे, एक स्थिर, एक चालता. चालत्या जबड्याला हलवणारा मांडीएवढा शाफ्ट, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांना माणसाच्या उंचीची दोन जड चाकं, म्हणजे फ्लायव्हील. चालत्या जबड्याच्या पाठीशी, जबडा आणि मागची चौकट यांच्यामध्ये, एक बिडाची प्लेट तिरकी टेकवलेली असायची. तिचं नाव टॉगल प्लेट.

दगड फुटायचा तो तिच्याच टेकूवर. पण तिचं मोठं काम निराळं होतं. दगडातून चुकून लोखंड आत गेलं, जबड्याला जे चावणार नाही असं काही आलं, तर सगळ्यात आधी तिनं तुटायचं. ती मुद्दामच कच्ची केलेली असते. ती तुटली की जबडा लुळा पडतो आणि बाकीचं यंत्र वाचतं. भोवतालची माणसंही वाचतात. पाल शेपूट टाकून जीव वाचवते, तसं. हे मिस्त्रीला उस्तादांनी शिकवलं होतं, आणि ते डाव्या खांद्यावर कोरलेलं होतं.

त्या वर्षी खोदणाऱ्या मशीनच्या बकेटचे दात सैल झाले होते. दात गळायचा, दगडांबरोबर हॉपरमध्ये यायचा, आणि फाट् असा आवाज होऊन टॉगल प्लेट जायची. एका आठवड्यात तीनदा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा भर दुपार होती. खडी भरायला सहा ट्रक रांगेत उभे, मालक छत्री आपटत येरझारा घालतोय, आणि धाकटा हॉपरशेजारच्या मचाणावरून उतरून म्हणाला,

"दादा, ती मागची पट्टी गेली बघ परत."

"काय गेली?"

"पट्टी. ती जाडी. ते हे."

मिस्त्रीच्या हातात बत्तीसचा पाना होता. तो त्यानं आडवा फिरवला. धाकट्याच्या तोंडावर बसला, तो गुडघ्यावर आला, आणि समोरचा एक दात खडीत पडला. पांढरा दात काळ्या खडीत लगेच दिसला, पण उचलला कुणीच नाही.

"पट्टी तापात कपाळावर ठेवतात," मिस्त्री म्हणाला. "नाव?"

"टॉगल प्लेट."

"परत."

"टॉगल प्लेट."

"मोठ्यानं! त्या ट्रकवाल्याला ऐकू दे!"

"टॉगल प्लेट!" धाकटा ओरडला, आणि शब्दांबरोबर रक्ताच्या चुळा उडाल्या.

आता पुढचा प्रश्न यायचा होता. काम काय तिचं? उस्तादांनी तो सोडला नसता, माणूस मरत असता तरी सोडला नसता. पण मालक मागून खेकसला, "मिस्त्री, शाळा मग भरवा! माझ्या गाड्या उन्हात शिजताहेत!" आणि मिस्त्री बोल्टांकडे वळला. झालं ते एवढंच. नाव झालं, काम राहिलं.

घरी वहिनीनं ओल्या फडक्यानं धाकट्याचं तोंड शेकलं आणि नवऱ्याकडे न बघता विचारलं, "ह्याचं काय नाव म्हणायचं?"

"शिकला ना तो," मिस्त्री म्हणाला.

"शिकलो, वहिनी," धाकटा सुजल्या तोंडानं हसला. "आणि शिट्टीलाही भोक पडलं. आता दोन सूर एकदम निघतील." मग बाहेर ओट्यावर बसून तो बराच वेळ स्वतःशी घोकत राहिला: टॉगल प्लेट, टॉगल प्लेट. मिस्त्रीला आतून ते ऐकू येत होतं आणि बरं वाटत होतं.

मालकाला मात्र बरं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं मिस्त्रीला गाठलं. "एकदाची जाड पोलादाची घालून टाका ना. तुटणारच नाही अशी."

"ती तुटायलाच असते."

"वा! तुटायला ठेवलेली वस्तू मी बसवून घेऊ? उद्या म्हणाल, मालक, पडायला ठेवलेली भिंत बांधा."

"ती तुटते म्हणून तुम्ही उभे आहात," मिस्त्री म्हणाला. "जाड प्लेट बसवायची असेल तर आधी मला त्या जबड्यात घाला."

मालक हसला. असं हसणं मिस्त्रीनं ओळखायला हवं होतं, पण माणसाच्या चेहऱ्याचा तक्ता त्याच्याकडे नव्हता.

त्याच आठवड्यात निरोप आला की उस्ताद शेवटच्या घटका मोजताहेत. मिस्त्रीनं क्रशरमध्ये नवी बिडाची प्लेट बसवली, आणि धाकट्याला बजावलं, "मी येईपर्यंत ह्याच्या आतल्या कशालाही हात लावायचा नाही." धाकट्यानं मान हलवली. मिस्त्री बसला गाडीत.

उस्ताद खाटेवर होते. केवढा माणूस, केवढासा झालेला. मुलीनं सांगितलं, वर्षभरापासून डोक्यातून सगळं पुसलं गेलंय. तिला ते ओळखत नव्हते, स्वतःच्या हातालाही ओळखत नव्हते. मिस्त्री उशाशी बसला. बऱ्याच वेळानं उस्तादांनी ओठ चाटले, पाण्याच्या पेल्याकडे बोट केलं आणि म्हणाले,

"ते... ते हे."

मिस्त्रीच्या अंगावरची सत्तावीसच्या सत्तावीस नावं एकदम ठणकली. त्याची मूठ आपोआप वळली. ज्या शब्दासाठी ह्या माणसानं त्याची बरगडी मोडली होती, तोच शब्द त्या माणसाच्या तोंडात.

"पेला, उस्ताद," तो म्हणाला, आणि पाणी पाजलं.

पाणी पिताना म्हाताऱ्याची नजर त्याच्या भुवईवर थांबली. बोट वर आलं आणि त्या तिरक्या रेघेवरून हळूच फिरलं.

"अरेरे," उस्ताद म्हणाले. "कुणी रे मारलं तुला इतकं?"

मिस्त्रीनं पेला खाली ठेवला. मारणाऱ्याचं नाव त्याला घेता आलं नाही.

"पडलो होतो," तो म्हणाला.

पहाटे उस्ताद गेले. मिस्त्री मातीला खांदा देऊन परतीच्या गाडीत बसला तेव्हा वाटभर त्याला एकच ऐकू येत होतं, कुणी रे मारलं तुला इतकं. आणि काळ्या खडीतला पांढरा दात दिसत होता. त्यानं ठरवलं, घरी गेल्यावर धाकट्याला बसवायचं. मारायचं नाही. नुसतं सांगायचं, टॉगल प्लेट कशासाठी असते ते. अर्ध्या तासाचं काम.

खाणीच्या वळणावर उतरला आणि पाय तिथेच थांबले. क्रशर चालू होता. चालू असायला हरकत नव्हती, पण आवाज वेगळा होता. जड. ज्याच्या अंगात लवचीकपणाच उरला नाही असा. मिस्त्रीला दोन फर्लांगांवरून कळलं की मागे बीड नाही. त्यानं पिशवी टाकली आणि पळत सुटला.

त्याच्या माघारी घडलं होतं ते असं. मालकानं धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला होता. "तू मिस्त्रीचा भाऊ ना? टॉगल प्लेट माहीत आहे ना तुला?" धाकट्यानं छाती काढून सांगितलं, माहीत आहे. "मग अशी बनव की तुझ्या भावाला पुन्हा पाना हातात घ्यावा लागणार नाही." आणि धाकट्यानं दोन दिवस जेवणखाण विसरून ती बनवली. भंगारातलं तीन बोटं जाड पोलाद गॅसनं कापलं, वेल्डरकडून त्याला आडव्या पट्ट्या मारून घेतल्या, टोकं कानशीनं गोल केली, लाल रंग दिला. वर पांढऱ्या रंगानं, वळणदार अक्षरात तिचं नावही लिहिलं. आणि मालकाच्या सांगण्यावरून बसवलीही, दादा आला की दाखवायचं म्हणून.

मिस्त्री अजून शंभर पावलांवर होता तेव्हा क्रशरच्या तोंडात ठण्ण असं झालं. बकेटचा दात गेला होता आत. ह्या ठण्णनंतर फाट् येतं, आणि मग शांतता, हे त्याच्या रक्तात मुरलेलं होतं. पळता पळता तो ओरडत होता, "तूट! तूट! अगं तूट ना!"

ती तुटली नाही.

जबड्यानं तीनदा चावा घेतला. पहिल्या चाव्याला चौकट किंचाळली. दुसऱ्याला पायाचे बोल्ट गोळ्यांसारखे उडाले आणि एक वेल्डरच्या शेडच्या पत्र्यातून आरपार गेला. तिसऱ्याला शाफ्ट मोडला. डावं फ्लायव्हील, वीस मणांचं, फिरत फिरत सुटलं. जमिनीला लागलं, माती नांगरल्यासारखी वर उडाली, आणि चाक मचाणावरून गेलं, जिथे धाकटा पहार घेऊन दात काढायला वाकला होता. मचाणाचा कठडा, पहार आणि धाकट्याचा उजवा हात, तिन्ही एकाच वेळी चिरडली गेली. पुढे चाकानं पाण्याची टाकी फोडली, एका ट्रकची रिकामी केबिन चेपली आणि डोंगराच्या उरलेल्या अर्ध्या अंगात रुतून बसलं.

मिस्त्री पोचला तेव्हा धाकटा खडीत उताणा होता. कोपराच्या वर हात नावाला लोंबत होता आणि हाताच्या आतल्या अंगानं रक्त उसळत होतं, ठोक्याठोक्यानं. मिस्त्रीनं तक्त्यावर बघितली होती ती धमनी. तुटलेल्या व्ही-बेल्टचा तुकडा त्यानं काखेखाली आवळला, त्यात पाना घातला आणि पीळ दिला. तोच बत्तीसचा पाना. पीळ दिला तसा धाकटा गुरासारखा ओरडला आणि रक्त थांबलं.

इस्पितळाकडे निघालेल्या ट्रकमध्ये, खडीच्या ढिगावर, भावाचं डोकं मांडीवर घेऊन तो बसला. धाकट्याचे डोळे मिटत होते.

"झोपू नकोस! नाव सांग! वरून धोंडे कशात पडतात?"

"हॉपर."

"मग?"

"जबडा... स्थिर. जबडा... चालता. शाफ्ट." ओठ पांढरे पडले होते. "फ्लायव्हील."

"आणि मागे?"

"टॉगल प्लेट," धाकटा म्हणाला. मग डोळे पूर्ण उघडून, एखादं बक्षीस दाखवावं तसं, "बघितलीस का दादा? मी केली. तुटलीच नाही."

ट्रक खड्ड्यातून गेला. मिस्त्रीनं पान्याचा पीळ सुटू दिला नाही.

"तिचं काम तुटायचं असतं रे," तो म्हणाला. "लोखंड आलं की तिनं तुटायचं. म्हणजे बाकीचं वाचतं."

 ट्रकच्या आवाजात धाकट्याचं बोलणं जेमतेम ऐकू आलं.

"मग हे सांगायचंस ना, दादा. दात पाडलास त्या दिवशी. एवढंच सांगायचंस."

इस्पितळात त्याला आत नेलं. मिस्त्री बाहेर उभा राहिला. अंगभर भावाचं रक्त वाळून पापुद्रे धरलेलं. वहिनी धावत आली, तिनं नवऱ्याला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत सुटली. तो हलला नाही. ती दमेपर्यंत त्यानं मार खाल्ला.

मालक आला तेव्हा ती दमून बाकावर बसली होती. मालकाची छत्री तीच. "काय करणार मिस्त्री," तो म्हणाला, "यंत्र आहे. ह्यात काहीतरी व्हायचंच."

मिस्त्रीनं त्याला पहिला ठोसा नाकावर दिला, दुसरा जबड्यावर. जबडा कडकन वाजला. मालक खाली पडल्यावरही तो थांबला नाही, गुडघा छातीवर रोवून मारत राहिला, आणि प्रत्येक ठोशाबरोबर एकच विचारत होता, "काहीतरी म्हणजे काय? काय? नाव घे!" मालकाच्या तोंडातून फेस येत होता, नाव येत नव्हतं. चार वॉर्डबॉयनी ओढलं तेव्हा मिस्त्रीच्या मुठीत मालकाचे दोन दात रुतले होते. आणि खरं सांगायचं तर त्याला जराही हलकं वाटलं नाही.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. तेच डॉक्टर, नव्या चष्म्याचे. त्यांनी मिस्त्रीला ओळखलं, दोन पावलं मागे सरले आणि घाईघाईनं म्हणाले, "सांगतो, सगळं नावानिशी सांगतो. ह्यूमरसचा चुरा, ब्रॅकियल धमनी—"

"नावं राहू द्या," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "काम सांगा. तो हातानं जेवेल का?"

"डाव्या हातानं जेवेल," डॉक्टर म्हणाले.

मारहाणीसाठी मिस्त्री तीन महिने आत गेला. खटल्यात मालकाचा जबडा तारेनं बांधलेला होता, आणि क्रशरच्या ढिगातून जी एकच वस्तू धड निघाली ती साक्षीला टेबलावर ठेवली होती. लाल, जाड, एक ओरखडा नसलेली. तिच्यावरचं नाव अजून वाचता येत होतं. न्यायाधीश साहेबांनी मिस्त्रीला विचारलं, हे कुणी बसवलं? मिस्त्री म्हणाला, "मालकानं सांगितलं. मी शिकवलं नाही. आम्हा दोघांच्या मध्ये तिसऱ्या कुणाला शोधू नका."

तो सुटून घरी आला त्या दिवशी जेवायला तिघे बसले. धाकट्याची उजवी बाही गाठ मारून आत खोचलेली. डाव्या हातानं घास तोंडापर्यंत नेताना अर्धा ताटाबाहेर सांडत होता. वहिनी मुद्दाम दुसरीकडे बघत होती. भिंतीवर दोन्ही तक्ते जसेच्या तसे होते.

धाकट्यानं दोन घास खाल्ले, थांबला, आणि सरळ भावाच्या डोळ्यांत बघून म्हणाला,

"दादा, ते हे दे."

वहिनीचा हात ताटावर थबकला. मिस्त्रीचा उजवा हात उचलला गेला. पंचवीस वर्षांची सवय ती, त्याला न विचारताच उठली. धाकटा हलला नाही. पापणीसुद्धा लवली नाही त्याची. पडलेल्या दाताच्या फटीतून त्यानं श्वास घेतला, त्याची बारीकशी शिट्टी वाजली, आणि तो वाट बघत राहिला.

तो हात हवेत जरा वेळ थांबला. मग त्यानं मिठाची बरणी उचलली, झाकण काढलं, आणि डाव्या हाताला येईल अशी धाकट्याजवळ ठेवली.